पेन्शन ही खैरात नव्हे, राहिलेली मजुरी आहे
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)

 

मी काही विद्वान माणूस नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात तुटलेला धागा जोडत जोडत जे वाचलं, जे ऐकलं, आणि ठेचा खाऊन जे शिकलो, तेवढंच माझं शिक्षण. समितीनं मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मला फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनवर बोलायचं आहे. एक कार्यकर्ता हसून म्हणाला, "काका, विहारात हा विषय कशाला? हा तर गेटवरचा विषय."

त्याचं कारण सांगतो. मागच्या एका रविवारी वंदना झाल्यावर आपल्याच वस्तीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. अंबडला एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम करतो. त्यानं विचारलं, "काका, कामावर घेताना जे सांगितलं ते कंपनीनं द्यायलाच पाहिजे का? की त्यांची मर्जी?" हा एका मुलाचा प्रश्न नाही. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांवर आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. तेव्हा ह्या प्रश्नाचं उत्तर आज सगळ्यांसमोर द्यावं असं ठरवलं.

प्रथम मर्जी ह्या शब्दाकडे बघू. हा शब्द आपल्या समाजाला चांगला ओळखीचा आहे. आपल्या पूर्वजांना महार वतन होतं. नाव वतनाचं, पण काम बारा महिने चोवीस तास. सरकारी निरोप पोचवायचा, वसुलीच्या वेळी राबायचं, रात्री-अपरात्री हाक आली की धावायचं. मोबदला म्हणून थोडीशी इनामी जमीन आणि गावाकडून बलुतं. ते बलुतं कुणी द्यायचं, कधी द्यायचं, किती द्यायचं, हे सगळं देणाऱ्याच्या मर्जीवर. खळ्यावर हात पसरून उभं राहायचं आणि पदरात पडेल ते घ्यायचं. काम सक्तीचं आणि मजुरी मात्र मर्जीची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते ह्यासाठीच. जो काम करतो त्याला ठरलेला मोबदला हक्कानं मिळाला पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. ते वतन कायद्यानं रद्द व्हायला १ ऑगस्ट १९५९ उजाडला. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

कारखान्यात आलो तेव्हा आपल्याला वाटलं, बलुतं सुटलं, आता पगार आला. खरं आहे. पण पगाराचा एक भाग असा आहे की तो महिन्याच्या महिन्याला हातात येत नाही. तो मालकाकडे किंवा फंडात राहतो आणि म्हातारपणी मिळायचा असतो. त्याचंच नाव ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड आणि पेन्शन. आणि नेमकं ह्याच भागाच्या बाबतीत मालकाची भाषा पुन्हा बलुत्याची होते. "आम्ही देऊ," "बघू," "परिस्थिती सुधारली की विचार करू." जणू काही तो खिशातून दान करतो आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, बाबासाहेबांनी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत सांगितलं होतं की कामगारांचे शत्रू दोन, एक ब्राह्मणशाही आणि दुसरी भांडवलशाही. आपण पहिल्या शत्रूवर पुष्कळ भाषणं करतो, आणि केलीच पाहिजेत. पण दुसऱ्याचा हिशेब कुणी मागायचा? मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे आणि विटाळ होई. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात. म्हणजे दोन्ही शत्रू एकाच खात्यात हातात हात घालून उभे होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं नकारा नावाच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते आणि पाच न्यायमूर्तींचं ते खंडपीठ होतं. खटला सरकारी पेन्शनरांचा होता. पण त्यात कोर्टानं जो विचार मांडला तो प्रत्येक कामगाराच्या कामाचा आहे. पेन्शन म्हणजे मालकाच्या मेहेरबानीनं दिलेली बक्षिसी नाही. उमेदीच्या वर्षांत जे कष्ट केले त्यांचा तो मोबदला आहे, असं कोर्टानं सांगितलं. पुढे २०१३ साली झारखंडच्या एका सरकारी नोकराच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं पेन्शन आणि ग्रॅच्युइटीला माणसाची मालमत्ता मानलं, आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही असं सांगितलं. बाबासाहेबांच्या घटनेच्या कलम ३००-अ चा आधार त्याला आहे.

म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, "बाळा, द्यायलाच पाहिजे. पण सगळे शब्द सारखे नसतात. ते तीन प्रकारचे असतात."

पहिला प्रकार कायद्यानं दिलेला. १९५२ चा प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची पेन्शन योजना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुने कायदे तिच्यात घेतले गेले. पण ग्रॅच्युइटीचं मूळ सूत्र तेच राहिलं. पाच वर्षं सलग नोकरी, आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. महिन्याचे दिवस २६ धरायचे. म्हणजे वेतन १३,००० असेल तर रोज पडला ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. वीस वर्षं नोकरी झाली असेल तर दीड लाख रुपये. हा हिशेब चौथीतलं पोरही करील. कामगार मरण पावला तर पाच वर्षांची अट नाही, वारसाला रक्कम मिळते. मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला आता एका वर्षानंतरही हक्क मिळाला आहे. आणि बेसिक कमी दाखवून भत्ते फुगवायचे, ही जी कारखानदारांची जुनी युक्ती, तिलाही नव्या संहितेत आळा घातला आहे. असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा.

कायद्यानं दिलेल्या ह्या गोष्टी कंपनीला कमी करता येत नाहीत. जास्त देता येतात. "ग्रॅच्युइटी सोडली" असं तुमच्याकडून लिहून घेतलं तरी त्या कागदाला किंमत नाही.

दुसरा प्रकार लेखी कराराचा. युनियन आणि कंपनी यांच्यात जो करार होतो, नेमणूकपत्रात जे लिहिलेलं असतं, ते. तेही बंधनकारक आहे, पण कागद आपल्या हातात पाहिजे.

तिसरा प्रकार तोंडी शब्दाचा. "तुझ्या पोराला लावून घेऊ," "गिरणी विकली की पहिला पैसा तुमचा." ह्या शब्दाला माणुसकीत किंमत असेल, पण कोर्टात तो सिद्ध करता करता आयुष्य जातं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. इथं मला माझी एक चूक तुमच्यासमोर कबूल करायची आहे. माझ्या गिरणीचं नाव मी घेणार नाही, नावाला महत्त्व नाही. २००९ साली गेटवर नोटीस लागली आणि गिरणी बंद झाली. गेटवर सभा झाली. साहेब टेबलावर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमचा पैसा सुरक्षित आहे, थोडं थांबा, कोर्टकचेरी करू नका." मी तेव्हा कामगारांच्या कमिटीवर होतो आणि साहेबांच्या शेजारीच उभा होतो. माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "थांबू या. साहेबांनी शब्द दिलाय." माणसं माझ्या शब्दावर घरी गेली.

आम्ही दोन वर्षं थांबलो. ह्या दोन वर्षांत साहेब बदलले, ऑफिसला कुलूप लागलं, मशिनरी ट्रकमध्ये भरून गेली. माझ्याच खात्यातला, माझ्याच पाळीतला एक सोबती ह्या काळात वारला. त्याच्या छातीत कापूस होता. दवाखान्याला पैसे नव्हते आणि त्याच्या कष्टाचे पैसे कुठल्या तरी वहीत पडून होते. त्याच्या मयताला गेलो तेव्हा त्याची बायको मला काहीच बोलली नाही. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी कायद्याची पुस्तकं आणून वाचायला लागलो. त्या माउलीचा अर्ज मी स्वतः लिहिला. उशीर झाला होता, पण नुसत्या उशिरानं हक्क बुडत नाही, उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं, हे तेव्हा समजलं. तारखांमागून तारखा पडल्या. शेवटी ग्रॅच्युइटी मंजूर झाली, आणि उशिरापोटी व्याजही मिळालं, कारण तीस दिवसांत रक्कम दिली नाही तर व्याज द्यावं लागतं असा कायदाच आहे. ते पैसे घेऊन ती बाई ह्याच विहारात आली होती. पण नवऱ्याच्या औषधाला ते पैसे उपयोगी पडले नाहीत. "थांबू या" हा माझा शब्द मी आजही विसरलेलो नाही.

बदली कामगारांचं दुखणं आणखी वेगळं. हजेरी भरत नाही म्हणून वर्षंच्या वर्षं पुसली जात. सोलापूरच्या लक्ष्मी विष्णू मिलच्या कामगारांचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९८१ साली निकाल लागला की ज्या वर्षी प्रत्यक्ष काम २४० दिवसांपेक्षा कमी, ते वर्ष ग्रॅच्युइटीला धरायचं नाही. कामगार हरले. पण त्या हरण्यातूनच प्रश्न संसदेपुढे गेला आणि १९८४ साली कायद्यात सलग नोकरीची नवी व्याख्या आली. म्हणजे कामगारांनी खटला लढवला नसता तर कायद्यातली ती भगदाडं कुणाला दिसली नसती.

आता मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. मालक म्हणतो, "धंदा बुडाला, बँकेचं कर्ज आहे, मी कुठून देऊ?" कधीकधी हे खरंही असतं. पण प्रश्न असा की बुडताना पहिल्यांदा कुणाला वाचवायचं? ह्याचं उत्तर आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मिळालं. साखर कारखान्यांनी कामगारांचा फंड भरला नव्हता. गोदामातली साखर राज्य सहकारी बँकेकडे तारण होती. फंडाचे अधिकारी म्हणाले, साखर विकून आधी कामगारांचा फंड वसूल करू. बँक म्हणाली, साखर आमच्याकडे तारण आहे, आधी आमचं कर्ज. २००९ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फंडाच्या थकबाकीचा हक्क पहिला. बँकेच्या आधी कामगार.

२०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्यातही फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या निधीतली कामगारांची येणी कंपनीच्या इतर मालमत्तेत मिसळायची नाहीत असं लिहिलं आहे. मुंबईची जेट एअरवेज ही विमान कंपनी २०१९ साली बंद पडली. तिच्या कामगारांचा फंड आणि ग्रॅच्युइटी नव्या खरेदीदारानं पूर्ण द्यावी, असा निकाल ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायम केला. पण पुढे काय झालं? ती योजनाच फसली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. निकाल हातात पडला म्हणजे पैसा हातात पडला असं नाही, हे त्यावरून शिकायचं.

हे दुखणं आपल्याच देशाचं आहे असंही नाही. अमेरिकेत स्टुडबेकर नावाची मोटारीची कंपनी होती. डिसेंबर १९६३ मध्ये तिनं साउथ बेंड गावातला कारखाना बंद केल्याचं जाहीर केलं. पेन्शनचा करार होता, पण निधीत पुरेसा पैसाच नव्हता. जे आधीच निवृत्त झाले होते त्यांना पूर्ण मिळालं, मधल्या वयाच्या हजारो कामगारांना हक्काच्या रकमेच्या सुमारे १५ टक्के मिळाले आणि तरुणांना काहीच नाही. त्यावर तिथं अकरा वर्षं चर्चा चालली आणि १९७४ साली कायदा झाला. कंपनीनं पेन्शन कबूल केली असेल तर त्यासाठी पैसा वेगळा बाजूला ठेवलाच पाहिजे आणि निधी बुडाला तर विमा पाहिजे, असं त्यात ठरलं. मला वाटतं, मालकाला खरं उत्तर हेच आहे. धंदा चांगला चालतो त्या वर्षांतच आमचा पैसा वेगळा काढून ठेवा. नफ्याच्या वर्षी बंगला बांधायचा आणि तोट्याच्या वर्षी कामगाराला समजूतदारपणा शिकवायचा, हे चालणार नाही.

आणि कायद्यानं मिळतं ते तरी पुरतं का? १९९५ च्या पेन्शन योजनेत सरासरी वेतनाला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० नं भागायचं. वेतन ६,५०० आणि नोकरी १४ वर्षं असेल तर पेन्शन बसते महिना १,३००. तिला महागाई भत्ता नाही. आज बसली तेवढीच मरेपर्यंत. राज्यसभेच्या समितीनं, भगतसिंह कोश्यारी तिचे अध्यक्ष होते, २०१३ साली किमान ३,००० ची शिफारस केली. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरली १,०००. ह्या पेन्शनरांनी बुलढाण्यात डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केलं. मागणी ७,५०० आणि महागाई भत्त्याची. म्हातारी माणसं, हातात काठ्या, आणि मागणी काय, तर दोन वेळचं जेवण आणि औषध. तेव्हा शब्द पाळायला लावणं ही एक लढाई आहे आणि तो शब्द पोट भरण्याएवढा करून घेणं ही दुसरी लढाई आहे.

मित्रांनो, आता धम्माकडे येतो. आपण रोज पंचशील घेतो. दुसरं शील, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. आपल्याला वाटतं, म्हणजे चोरी करणार नाही. पण दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे स्वतःच्या तिजोरीत अडकवून ठेवणं म्हणजे दुसरं काय आहे? पगारातून फंड कापायचा आणि भरायचा नाही, हा तर कायद्यानंसुद्धा फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ खाली तो विश्वासघात मानला आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत. नोकराला झेपेल तेवढं काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी आजारी कामगाराचा विचार झाला होता. दयेची गोष्ट म्हणून नाही, मालकाचं कर्तव्य म्हणून.

हे बोट फक्त कारखानदाराकडे दाखवून चालणार नाही. आपल्यातले काही जण आता ठेकेदार झाले आहेत, काहींची दुकानं आहेत, काहींच्या घरी धुणंभांड्याला बाई येते. ह्या विहाराच्या स्लॅबच्या वेळी वर्गणी कमी पडली म्हणून गवंड्यांची मजुरी दोन महिने अडकली होती, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. तेव्हा आपणही म्हणालो होतो, "थोडं थांबा, धर्माचं काम आहे." ते गवंडीही पोटासाठीच आले होते. पुढे घराघरांतून पैसे जमवून आपण मजुरी चुकती केली. त्या दिवशी हा विहार खऱ्या अर्थानं पूर्ण झाला, असं मी मानतो.

शेवटी करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. नेमणूकपत्र मागून घ्या. पगाराची प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा, लग्नाच्या फोटोसारखी. फंडाचा यू.ए.एन. नंबर घरच्या माणसांना माहीत असू द्या आणि पैसे जमा होतात की नाही ते दर तीन महिन्यांनी बघा. वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे ते तपासा. लग्न झालं, मुलं झाली तरी कित्येकांचं जुनंच नाव लावलेलं असतं. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता हिशेबाच्या कागदावर सही करू नका. आणि कुणी "थांबा" म्हणालं, अगदी माझ्यासारखा कार्यकर्ता म्हणाला, तरी विचारा, "कधीपर्यंत? लिहून द्या."

आयाबहिणींनो, ही कागदपत्रं तुम्हीही बघा. मालक गेल्यावर अर्ज घेऊन फिरायची पाळी तुमच्यावर येते. तुमच्यापैकी ज्या स्वतः कंपनीत, दवाखान्यात, शाळेत ठेक्यावर कामाला आहेत, त्यांचा हक्क पुरुषाइतकाच आहे.

समितीला माझी एक विनंती आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर एक तास ह्या कामासाठी द्यावा. ज्याला वाचता येतं त्यानं दुसऱ्याचा कागद वाचावा, ज्याला मोबाईल चालवता येतो त्यानं म्हाताऱ्याचं पासबुक काढून द्यावं, अर्ज मी लिहून देतो. २ मार्च १९३० ला ह्याच नाशकात आपली माणसं काळाराम मंदिरासमोर उभी राहिली ती हक्कासाठी, कुणाच्या मेहेरबानीसाठी नाही. तो वारसा आपण सांगतो, तर आपल्या म्हाताऱ्यांना कष्टाच्या पैशांसाठी कुणाच्या दारात हात जोडून उभं राहायला लागू नये, एवढं तरी आपण केलं पाहिजे.

 

नमो बुद्धाय! जयभीम!